अकूस्टिक गिटारवर जॅझ वाजवायचंय, कुणाचं ऐकू आणि सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा-सात वर्षं अकूस्टिक गिटार वाजवताय, ओपन कॉर्ड्स (मोकळ्या तारा घेऊन वाजणाऱ्या) आणि फिंगरस्टाइल (पिकशिवाय, बोटांनी) बऱ्यापैकी जमतं, आता जॅझचं वेड लागलंय, पण घरात आहे ती साधी स्टीलच्या तारांची फ्लॅट-टॉप, म्हणजे सपाट फळीची गिटार, नोकरीमुळे रोज अर्धा तास कसाबसा मिळतो, आणि कुणाकुणाचं ऐकायचं ही यादी इतकी लांबलीय की ऐकायलाच सुरुवात होत नाही. आणि शेवटी हळूच विचारलंय की दुसऱ्याचं उचलून वाजवत राहिलं तर आपण नुसती नक्कल होऊन बसू का.

मी २७ वर्षं हौसेपोटी वाजवतेय, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच आहे, त्यामुळे हे सगळं एका हौशी बाईचं उत्तर आहे असं समजून वाचा. रोज सहा तास रियाज करणाऱ्याचा सल्ला अर्धा तासवाल्याला फारसा उपयोगी पडत नाही, हे मी स्वतः बरीच वर्षं वाया घालवून शिकलेय.

पहिलं म्हणजे गिटार बदलू नका. मी बदलली होती. दुसऱ्याच वर्षी डोक्यात बसलं की आपलं वाजवणं जॅझसारखं वाटत नाही कारण गिटारच चुकीची आहे, मग साठवलेले सगळे पैसे घालून एक आर्चटॉप घेतली, ती व्हायोलिनसारखी फुगीर फळी आणि एफच्या आकाराची भोकं असलेली. पहिल्या आठवड्यात स्वर्ग. मग एक दिवस जुन्या गिटारवरचं रेकॉर्डिंग आणि नवीवरचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलं तर वाजवणारी तीच, चुका त्याच, लयीत पुढे पळायची सवय तीच, फक्त आवाज जरा सुका आणि महाग. दीड वर्षात विकून टाकली आणि अजूनही बहुतेक वेळ साध्या फ्लॅट-टॉपवरच वाजवते.

आणि अकूस्टिकवर जॅझ म्हणजे काहीतरी तडजोड आहे असं जे वाटतं ना, ते तर उलटंच आहे. जॅझमधली गिटार सुरुवातीला अकूस्टिकच होती. १९२०च्या दशकात बँडमध्ये बँजो असायचा कारण त्याचा आवाज पोचायचा, त्याच्या जागी गिटार आणून बसवणाऱ्यांमध्ये एडी लँगचं नाव सगळ्यात आधी येतं. १९०२ चा जन्म, १९३३ मध्ये गेला, म्हणजे अवघं तीस वर्षांचं आयुष्य, पण १९२८-२९ मध्ये लॉनी जॉन्सनबरोबरची त्याची गिटार ड्युएट्स आहेत ती आजही ऐकताना बाकी कुठल्या वाद्याची गरज वाटत नाही. जॉन्सन कृष्णवर्णीय आणि लँग गोरा, त्या काळात असं एकत्र रेकॉर्ड करणं सरळ नव्हतं म्हणून लँगने त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड्सवर ब्लाइंड विली डन असं टोपणनाव लावलं होतं. मग १९३४ ला पॅरिसमध्ये गिटारवाला जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवाला स्टेफान ग्रापेली यांचा क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा ताफा, तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास, ड्रम नाही, पियानो नाही, फुंकायचं एकही वाद्य नाही. सगळ्या ताराच तारा. गिब्सनची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार १९३६ ला आली आणि चार्ली ख्रिश्चनने १९३९ ला बेनी गुडमनच्या बँडमध्ये ती वाजवून सगळा खेळच बदलला, त्यानंतर लोकांना जॅझ गिटार म्हणजे ॲम्प असंच वाटायला लागलं. पण त्याआधीचं जे आहे ते तुमच्या हातातल्या वाद्याच्या घरचंच आहे.

आता घोडं कुठं पेंड खातं ते बघू. फ्लॅट-टॉपचा सूर जोरात उमटतो आणि लगेच विरायला लागतो. सॅक्सोफोनवाला एक सूर धरून ठेवतो, फुगवतो, हलवतो, तुम्ही तार छेडली की ती तुमच्या हातातून गेलीच. हे कळलं की अकूस्टिकवर काय चालतं आणि काय नाही याचा निम्मा उलगडा होतो. लांब सूर जिथे हवा तिथे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी युक्ती केलीय: जँगो तोच सूर थरथरवत पुन्हापुन्हा छेडतो, वेस माँटगोमेरी हा गिटारवाला दोन सप्तकांतला तोच सूर एकदम वाजवतो म्हणजे ऑक्टेव्ह, जो पास हा आणखी एक गिटारवाला सूर विरायच्या आत खाली एक कॉर्ड सरकवतो. ऑक्टेव्हचं तर तुम्ही आजच करून बघा, सहाव्या आणि चौथ्या तारेवर दोन फ्रेटचं (दांडीवरच्या धातूच्या आडव्या काड्यांमधल्या घरांचं) अंतर, पाचव्या-तिसऱ्यावरही दोनच, चौथ्या-दुसऱ्यावर आणि तिसऱ्या-पहिल्यावर तीन, मधली तार पहिल्या बोटाचं पोट नुसतं टेकवून मुकी करायची. एवढ्याशा गोष्टीने फ्लॅट-टॉपवरची चाल एकदम अंगापिंडाने भरते.

कॉर्ड्सचं सविस्तर सांगते कारण ओपन कॉर्ड्सवाल्यांची गाडी इथेच अडते. जॅझमधली बरीच गाणी एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांमध्ये असतात कारण ट्रम्पेट, सॅक्स वगैरेंना त्या सोयीच्या, आणि गिटारच्या मोकळ्या तारा या पट्ट्यांमध्ये फारशा कामाला येत नाहीत. कापो (दांडीवर लावून पट्टी चढवायचा चिमटा) लावून सुटका नाही, गाणं मध्येच दुसऱ्या पट्टीत जातं आणि परत येतं. म्हणून लोक एकदम पाच-सहा सुरांच्या भरगच्च जॅझ कॉर्ड्सच्या चार्टवर तुटून पडतात, बोटं पिळवटतात, आणि फ्लॅट-टॉपवर ते सगळं चिखलासारखं ऐकू येतं, कारण या गिटारचे वरचे उपस्वर आधीच भरपूर असतात, त्यात आणखी सूर घातले की गोंगाट.

तर तीन सूर. कॉर्डचा मूळ सूर आणि त्याच्यापासून मोजलेला तिसरा आणि सातवा, बस. उदाहरणार्थ डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही जोडणी घ्या, जी जॅझमध्ये पावलोपावली भेटते. पहिली कॉर्ड: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तार तिसरा, तिसरी तार पाचवा. दुसरी: सहावी तार तिसरा फ्रेट, चौथी तार तिसराच, तिसरी तार चौथा. तिसरी: पाचवी तार तिसरा, चौथी तार दुसरा, तिसरी तार चौथाच. बाकी तारा मुक्या. आता खालचे मूळ सूर सोडून द्या आणि नुसत्या चौथ्या-तिसऱ्या तारेकडे बघा. पहिल्याकडून दुसरीकडे जाताना चौथी तार जागची हलत नाही, तिसरी एक फ्रेट मागे येते. दुसऱ्याकडून तिसरीकडे जाताना तिसरी हलत नाही, चौथी एक फ्रेट मागे येते. म्हणजे एकदा हा, एकदा तो, अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरतायत. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अक्षरशः हसले होते, कारण तोपर्यंत मी तिन्ही कॉर्ड्स तीन वेगळे फोटो असल्यासारख्या पाठ केल्या होत्या आणि एका फोटोतून दुसऱ्या फोटोत उडी मारत होते. हे दोन सूर गात गात वाजवा, बाराही पट्ट्यांमध्ये, मग पुढच्या सगळ्या अवघड नावाच्या कॉर्ड्स म्हणजे याच सांगाड्यावर चढवलेले दागिने आहेत हे आपोआप कळतं.

यात एक बारकी गोष्ट चार्टमध्ये कधी लिहिलेली नसते. जी सेव्हनमध्ये पाचवी तार मधे रिकामी राहते, ती वाजली तर सगळं बिघडतं. सहाव्या तारेवरचं बोट थोडं आडवं झोपवायचं म्हणजे त्याचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकतं आणि ती गप्प बसते. आणि प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताचा दाब सैल करायचा, बोटं उचलायची नाहीत, नुसता दाब सोडायचा. अकूस्टिकवरचा स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, हा निम्मा इथून येतो, कॉर्ड कधी वाजली याइतकंच ती कधी थांबली यातून. फ्रेडी ग्रीन हा माणूस १९३७ मध्ये काउंट बेसीच्या बँडमध्ये गेला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता, पन्नास वर्षं, आणि काम काय तर दर बारमध्ये (चार मात्रांच्या एका घरात) चार ठोके, ॲम्प नाही, सोलो जवळपास नाहीच. एवढ्या मोठ्या बँडमध्ये, सगळी पितळी वाद्यं गर्जत असताना. त्याच्या कॉर्ड्स नीट कान लावून ऐकल्या तर पुष्कळदा दोन-तीन सूर, कधी कधी एकच सूर ठळक ऐकू येतो. ड्रम आणि बासच्या मधोमध तो असा काही बसलेला असतो की तो वाजतोय हे कळत नाही पण थांबला तर सगळ्यांना कळेल. महिनाभर नुसतं हे करा, सोलोचं नाव काढू नका. तुमच्या गिटारला जॅझमध्ये बसायची ही सगळ्यात हक्काची जागा आहे.

लयीबद्दल जास्त लिहीत नाही, एकच सांगते. मेट्रोनोम पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर नाही, दुसऱ्या-चौथ्यावर पकडायचा. म्हणजे क्लिक ६० वर ठेवा आणि ती दुसरी-चौथी मात्रा समजा, गाण्याची लय १२० झाली. पहिले काही दिवस सारखा उलटा पडेल आणि राग येईल, येऊ द्या. हे अंगवळणी पडलं की क्लिक ३० वर आणून बारमध्ये एकदाच, फक्त चौथ्या मात्रेवर ऐका. तेव्हा कळतं आपण किती पळतो ते.

आता यादी.

तुम्ही लिहिलेल्या यादीत बावीस नावं आहेत. मीही अशीच यादी केली होती, वहीत, रंगीत पेनाने. त्यातलं काहीही माझ्या वाजवण्यात उतरलं नाही. ज्यांचं आपल्याला आवडतं ते आणि ज्यांचा आपल्यावर प्रभाव आहे ते हे दोन वेगळे गट आहेत, आणि दुसरा गट फार छोटा असतो, त्यात फक्त तेच येतात ज्यांचं काहीतरी तुम्ही सूर न् सूर गाऊन, मग बोटांत उतरवून, मग विसरून गेला आहात. एक नाव निवडा. सहा महिने तोच माणूस.

वेस माँटगोमेरीची गोष्ट यासाठी मला फार आवडते. विशीच्या आसपास चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकून त्याने गिटार घेतली, नोटेशन वाचता येत नव्हतं आणि पुढेही शिकला नाही, रेकॉर्ड लावून लावून ख्रिश्चनचे सोलो जसेच्या तसे बसवले आणि त्याच जोरावर इंडियानापोलिसमधल्या एका क्लबात त्याला काम मिळालं, कार्यक्रमात उभं राहून ख्रिश्चनचे सोलो वाजवायचे, बस. स्वतःचं काही नाही! दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लब, घरी मोठा संसार. म्हणजे नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांनी आपलं दैवत कोण हे शोधायला फार लांब जायला नको. आणि आज वेसचा एक बार ऐकला तरी कुणी त्याला ख्रिश्चनची नक्कल म्हणणार नाही.

माझं स्वतःचं सांगते. मीही ख्रिश्चनच्याच एका सोलोतले आठ बार घेतले होते, पाच आठवडे लागले. आठ बार म्हणजे जेमतेम दहा-अकरा सेकंद. पहिले दोन आठवडे गिटारला हात लावला नाही, नुसतं ऐकायचं आणि बरोबर गायचं, भांडी घासताना, बसमध्ये ओठातल्या ओठात. हल्ली सूर न बदलता वेग कमी करणारी ॲप्स आहेत, जरूर वापरा, पण गाणं चुकवू नका. गाता आलं की कळतं तुम्हाला नक्की कुठे ऐकूच येत नाहीये, गळा तिथे अडखळतो. मग गिटारवर शोधायचं, टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांनी लिहिलेला कागद) उघडायचा नाही, कारण टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतो पण तो सूर किंचित उशिरा आलाय, हा गिळल्यासारखा आहे, इथे त्याने श्वास घेतलाय, हे सांगत नाही. आणि जॅझ ते आहे. पाच आठवड्यांनी माझ्याकडे आठ बार होते, पण त्यातला दोन बारचा एक तुकडा असा बसला की पुढे कुठल्याही गाण्यात तो न बोलावता यायला लागला, मग मी त्याला मोडायला लागले, उलटा, अर्धा, दुसऱ्या मात्रेवरून. तो तुकडा आता माझा आहे असं मी म्हणेन. ख्रिश्चनची परवानगी घेतलेली नाही.

आणि मूळ धागा पकडून मागे मागे जाण्यात वेगळीच मजा आहे. ख्रिश्चनच्या ओळी अशा लांब आणि वाहत्या का, तर त्याच्या कानात लेस्टर यंगचा सॅक्स होता. जँगोच्या कानात लुई आर्मस्ट्राँगची रेकॉर्ड, म्हणजे ट्रम्पेट. गिटारवाला राल्फ टाउनर आधी पियानो आणि ट्रम्पेट वाजवायचा, पियानिस्ट बिल एव्हान्सचा त्याच्यावर दाट परिणाम, आणि नायलॉनच्या गिटारवर आणि बारा तारांच्या गिटारवर त्याने तो पियानो आणला, ऐकताना दोन हातांचे दोन विचार चाललेत असं वाटतं. जिम हॉल हा गिटारवालाही गिटारवाल्यांपेक्षा टेनर सॅक्सवाल्यांचं नाव जास्त घ्यायचा. म्हणजे आपल्याला जे गिटारवाले म्हणून आवडतात त्यातले कितीतरी जण गिटार सोडून दुसरंच काहीतरी ऐकत होते. म्हणून तुमच्या एका माणसाबरोबर एक जण असा घ्या जो गिटार वाजवत नाही. फुंकवाद्य असेल तर उत्तम, कारण फुंकणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो आणि आपण गिटारवाले श्वास न घेता बडबडत सुटतो. गायक-गायिका पण चालतील. बिली हॉलिडे ठोक्याच्या किती मागे रेंगाळते आणि तरी पडत नाही, हे गिटारवर काढून बघा, कठीण आहे, मला अजून जमत नाही.

जिम हॉलचं आणखी एक. १९६२ मध्ये त्याने बिल एव्हान्सबरोबर फक्त पियानो आणि गिटार अशी रेकॉर्ड केली. एव्हान्सचा सोलो सुरू झाला की एका वेगवान गाण्यात हॉल काय करतो, तर फ्रेडी ग्रीनसारखा चार ठोक्यांचा साधा ऱ्हिदम धरतो. म्हणजे ज्या माणसाने सॅक्सवाल्यांकडून ओळी घेतल्या त्याने साथीला मात्र तीसच्या दशकातली अकूस्टिक गिटार घेतली. प्रभाव असे कप्प्याकप्प्यांत काम करतात, सोलोचा गुरू वेगळा, साथीचा वेगळा, चाल वाजवायचा तिसराच.

नक्कल होऊ का, याचं माझं उत्तर असं की हुबेहूब नक्कल तुम्हाला जमणारच नाही, निश्चिंत राहा. तुमचे हात आड येतील. जँगो अठरा वर्षांचा असताना १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडली ती कायमची, त्यामुळे सोलो मुख्यतः दोन बोटांवर, आणि म्हणून त्याचा हात आडवा सरकत, तारेच्या लांबीने पळतो, एका जागी बसून चार बोटांनी स्केल चढत नाही. चार धडधाकट बोटांनी त्याचं वाजवायला गेलात की काहीतरी तिसरंच होतं. वेसने पिक (तार छेडायची चपटी चकती) टाकून अंगठा धरला, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रात्री त्रास होऊ नये म्हणून, असं सांगतात, आणि तो लोण्यासारखा आवाज तिथून आला. (स्टीलच्या तारांवर अंगठ्याने वाजवून बघाच, फ्लॅट-टॉपचा चरचरीतपणा निम्मा तिथेच संपतो. आवाज लहान होतो, पण घरात कुणाला ऐकवायचाय?) तुमचं फिंगरस्टाइल आहे ना, मग पिक शिकायलाच पाहिजे असं काही नाही. बोटांनी वाजवणाऱ्याला तीन सूर एकदम उचलता येतात, पियानोसारखे, पिकवाला ते वरून खाली ओढतो. जॅझ म्हणजे पिक हे डोक्यातून काढा. जँगोच्या वाटेला गेलात तर मात्र पिक लागेल, जाडजूड, आणि मनगट मोकळं, ती पद्धतच वेगळी आहे.

थिअरी किती? माझ्या एका शिक्षकांनी वर्षभर सात मोड्स (स्केलचे प्रकार) बाराही पट्ट्यांमध्ये वाजवून घेतले, बिनचूक यायचे. मग पहिल्यांदा चार लोकांबरोबर वाजवायला बसले, ३२ बारचं साधं गाणं, ए-ए-बी-ए, म्हणजे आठ-आठ बारचे चार भाग, त्यातला फक्त तिसरा वेगळा, आणि सतराव्या बारला, जिथे बी सुरू होतो, तिथे मी हरवले. पुढचं आवर्तन कुठे सुरू झालं तेही कळलं नाही. बासवाल्याने हनुवटीने खूण केली म्हणून परत सापडले. सात मोड्सपैकी एकही मदतीला आला नाही. म्हणून माझ्या मते क्रम असा: आधी गाण्याची मूळ चाल तोंडपाठ, मग खालचे मूळ सूर गाता येणं, मग वर सांगितलेले तिसरे-सातवे, आणि मग वाटलं तर स्केल्स. सोलो घेताना डोक्यात चाल चालू पाहिजे, मग हरवायचा प्रश्न येत नाही, जसं समेवर यायला मात्रा मोजत बसावं लागत नाही, ठेका कानात असला की पाय आपोआप पडतो. आणि पहिलं गाणं म्हणून १२ बारचा ब्लूज घ्या, एफमध्ये, तीनच कॉर्ड्स, आवर्तन छोटं, हरवलात तरी लगेच घरी येता.

अर्ध्या तासाचं काय करायचं हे मी असं करते. दहा मिनिटं दुसऱ्या-चौथ्या क्लिकवर नुसता ऱ्हिदम, एकच गाणं. पंधरा मिनिटं जो तुकडा चालू आहे तो, आधी गळ्यातून. उरलेली पाच मिनिटं मेट्रोनोम बंद करून तेच गाणं मनाला येईल तसं, फोनवर रेकॉर्ड करत, तारीख टाकून. लगेच ऐकू नका, महिन्याने ऐका. लगेच ऐकलं की नुसत्या चुका दिसतात. ज्या दिवशी दमून आलात आणि गिटार उचलवत नाही त्या दिवशी तीस मिनिटं तुमच्या त्या एका माणसाचं ऐका, दिवे बंद करून, फोन न बघता. तोही रियाजच आहे आणि मी तो मोजते.

जरा बाजूला जाऊन, तुम्ही नायलॉनबद्दल विचारलंय. चार्ली बर्ड हा नायलॉनवाला, क्लासिकल शिकलेला, १९६१ मध्ये ब्राझीलला जाऊन आला आणि १९६२ मध्ये सॅक्सवाल्या स्टॅन गेट्झबरोबर 'जॅझ सांबा' हा अल्बम केला, तिथून बोसा नोव्हा हे ब्राझीलचं संगीत घराघरात गेलं. नायलॉनचा सूर आणखी लवकर विरतो पण गोल असतो, आणि बोसाच्या उजव्या हातात अंगठा बास धरतो आणि तीन बोटं तिरक्या मात्रांवर कॉर्ड, तुमच्या फिंगरस्टाइलच्या हाताला ते आठवड्यात आवडायला लागेल. दुसऱ्या टोकाला जॉन मॅकलॉफलिनची 'शक्ती' या बँडमधली गिटार, अकूस्टिकच, पण फ्रेट्सच्या मधली फळी खोलगट कोरलेली, म्हणजे सूर वीणेसारखा ओढता येतो, आणि मुख्य तारांखाली तरफेच्या सात तारा. एल. शंकर, झाकीर हुसेन, विनायकराम यांच्याबरोबर १९७०च्या दशकात हे केलं. त्याने वीणा शिकून घेतली आणि मग वाद्यच तसं बनवून घेतलं. प्रभाव इतका खोल गेला की तो लाकडात कोरावा लागला! सध्या फक्त ऐका, तुमच्या गिटारला कानस लावू नका.

कुणाबरोबर तरी वाजवा, हे मात्र लांबणीवर टाकू नका. मी नऊ वर्षं एकटीच वाजवत होते, तयार झाले की जाईन म्हणत. अकूस्टिकवाल्यांनी ड्रम असलेल्या ठिकाणी जाऊ नये, ऐकूच येत नाही आणि मग आपण तारा बडवतो आणि हात बिघडतो. एक बासवाला किंवा दुसरा एक गिटारवाला पुरे. दोन गिटार असतील तर दोघांनी एकाच जागी कॉर्ड्स वाजवायच्या नाहीत, एक खाली फ्रेडी ग्रीन, दुसरा वरच्या तीन तारांवर, आणि दर आवर्तनाला अदलाबदल. लँग आणि जॉन्सनची ड्युएट्स परत ऐका आणि कोण कधी गप्प बसतो तेवढंच टिपा.

राहिलं तारांचं. सध्या १२-५३ चा सेट (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे) आहे आणि बॅरे (एका बोटाने अनेक तारा दाबणं) धरताना बोटं दुखतात म्हणताय, तर ११-५२ लावून बघा, आवाजात थोडा फरक पडेल पण हात टिकेल. १० च्या खाली फ्लॅट-टॉपवर जाऊ नका, पातळ वाजतं. तिसरी तार गुंडाळलेलीच ठेवा, इलेक्ट्रिक सेटसारखी साधी लावायचा मोह होईल, पण जॅझवाले तर इलेक्ट्रिकवरही मुद्दाम गुंडाळलेली लावतात, तिसऱ्या-सातव्या सुरांचं सगळं काम त्याच तारेवर आहे आणि साधी तार तिथे किणकिणते. बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजा, सहावी तार अडीच मिलिमीटरच्या बरीच वर असेल तर कारागिराकडून सेटअप करून घ्या. दुखणं बऱ्याचदा तिथलंच असतं आणि आपण वर्षभर बोटांना दोष देत बसतो.